झुलिप : घरून चालणाऱ्या हिशेबाच्या ऑफिसातून

आमचं ऑफिस हिशेबाचं. सर चार्टर्ड अकाउंटंट, ते पणजीला बसतात. मी डिचोलीत घरून काम पाहते. बाकीची मंडळी म्हापसा, फोंडा, वाळपई, काणकोणला, आणि एक मुलगी सावंतवाडीहून काम करते. आठ जण आहोत. क्लायंट म्हणजे छोटी हॉटेलं, गेस्ट हाऊस, फार्मसी, हार्डवेअरची दुकानं, काजूवाले, बार-रेस्टॉरंटं. अशा ऑफिसला झुलिप हे कामाच्या निरोपांचं अ‍ॅप कसं चालतं, ते सविस्तर लिहिते, कारण या अ‍ॅपबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक सॉफ्टवेअरवाल्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांसाठी लिहिलेलं असतं.

आमचा महिना तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस, म्हणजे कापून ठेवलेला कर भरायचा; ११ ला जीएसटीआर-१, विक्रीचं रिटर्न; १४ ला टूबी, म्हणजे खरेदीवरच्या कराचं पत्रक, आपोआप तयार होतं; २० ला थ्रीबी, कर भरायचं महिन्याचं रिटर्न. थ्रीबीला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि कर भरायचा राहिला असेल तर १८ टक्क्यांनी व्याज. हे पैसे क्लायंटच्या खिशातून जातात, म्हणून तारीख चुकणं आमच्याकडे कोणी हलक्यात घेत नाही. आधी हे सगळं फोनवरच्या एका ग्रुपवर चालायचं. वर हार्डवेअरवाल्याच्या बिलाचा फोटो, त्याखाली कोणाच्या तरी बारशाचं आमंत्रण, त्याखाली नुसतं ‘झालं का?’ कोणाचं, कुठल्या महिन्याचं, ते विचारणाऱ्यालाच ठाऊक. एका खोलीत बसलेल्यांना असा प्रश्न पुरतो, समोरच्याच्या टेबलावर कुठली फाईल उघडी आहे ते दिसत असतं. वेगवेगळ्या तालुक्यांत बसलेल्यांना तो पुरत नाही.

झुलिपमध्ये निरोप टाकायचा तर आधी चॅनेल निवडावा लागतो आणि मग विषय. आम्ही प्रत्येक क्लायंटचा एक चॅनेल केला आहे. त्यात विषय असे: ‘थ्रीबी जुलै’, ‘टूबी फरक जुलै’, ‘व्हॅट जुलै’, ‘बँक स्टेटमेंट’. बार-रेस्टॉरंटवाल्यांचा व्हॅटचा विषय वेगळाच ठेवावा लागतो, कारण दारू जीएसटीच्या बाहेर आहे. जेवणाचं बिल एकीकडे जातं, फेणीचं दुसरीकडे. हे दोन्ही एकाच धाग्यात चर्चिलं गेलं की आकडे एकमेकांत शिरतात. हिशेबनिसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही: वहीत जशी प्रत्येक नोंद कुठल्या तरी खात्यावर पडते, तसा इथे प्रत्येक निरोप कुठल्या तरी विषयावर पडतो. विषय न लिहिता निरोप टाकायचीही सोय आहे, पण सेटिंगमध्ये विषय सक्तीचा करता येतो आणि आम्ही तो पहिल्या दिवसापासून सक्तीचा ठेवला आहे. नवीन कोणी हे अ‍ॅप घेणार असेल तर माझा पहिला सल्ला हाच. ती सक्ती काढली की आठवड्याभरात जुना ग्रुप परत येईल.

याचा खरा उपयोग कळतो तो एखादा माणूस चार दिवस नसला की. २०२४ ची चवथ आठवा. ७ सप्टेंबरला गणपती बसले, म्हणजे पाच दिवसांच्या गणपतींचं विसर्जन आलं ११ तारखेला, नेमकं जीएसटीआर-१ च्या दिवशी. शिवाय ७ ला टीडीएस. गोव्यात चवथीला ऑफिस उघडं ठेवा म्हणून कोणाला सांगता येत नाही आणि सांगूही नये. घरात माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधायची असते, पंचखाद्य करायचं असतं, मूळ घरी जायचं असतं. वाळपई आणि काणकोणच्या दोघांकडे पाच दिवसांचा गणपती, माझ्याकडे दीड दिवसाचा. आम्ही तारखा आधी मतदानाने लावून घेतल्या. झुलिपमध्ये स्लॅश देऊन पोल लिहिलं की लगेच मतदान तयार होतं. मग ज्याने त्याने आपापल्या क्लायंटच्या ‘जीएसटीआर-१ ऑगस्ट’ या विषयात शेवटचा निरोप लिहून ठेवला: बिलं कुठपर्यंत चढली, काय यायचं आहे, क्लायंटकडे कोणाला फोन करायचा. ९ तारखेपासून मी आणि सावंतवाडीची मुलगी कामाला लागलो. कोणालाही आरती सोडून फोनवर यावं लागलं नाही. विषय उघडायचा, वरपासून खालपर्यंत वाचायचा, पुढचं काम करायचं. फोंड्याच्या एका फार्मसीच्या विषयात तर क्लायंटचा मुलगा कुठल्या वेळी दुकानात सापडतो तेही लिहिलेलं होतं.

काम झालं की विषयाला ‘रिझॉल्व्ह’ करता येतं, मग विषयाच्या नावापुढे बरोबरची खूण येते. आमचा नियम कडक आहे. रिटर्न भरल्यावर मिळणारा एआरएन नंबर त्या विषयात टाकल्याशिवाय खूण करायची नाही. त्यामुळे २० तारखेच्या संध्याकाळी मला कोणाला काही विचारावं लागत नाही. डावीकडच्या यादीत जिथे खूण नाही, ते काम बाकी. सरांनाही हे एवढं आवडलं की त्यांनी संध्याकाळचा आढाव्याचा फोन बंदच केला, आणि त्यामुळे सगळ्यांचा रोजचा अर्धा तास मोकळा झाला.

एक मोठी कसोटी २०२५ च्या सप्टेंबरात लागली. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने दर बदलले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला, पण त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर वजा करून घ्यायची सोय, बंद झालं. आमच्याकडे गेस्ट हाऊसवाले पुष्कळ, आणि ऑक्टोबरपासून सीझन. प्रत्येकाचा एकच सवाल: ऑगस्टमध्ये अ‍ॅडव्हान्स घेतला, पाहुणा डिसेंबरात येणार, कुठला दर लावू? आम्ही दर बदलासाठी वेगळा चॅनेल काढला आणि एकेका प्रश्नाला एकेक विषय दिला. ‘अ‍ॅडव्हान्स आधी, बिल नंतर’, ‘उरलेल्या क्रेडिटचं काय’, ‘सॉफ्टवेअरमध्ये दर कधी बदलायचा’. पहिल्या विषयात सरांनी जीएसटी कायद्याचं कलम १४ मांडून दिलं. सेवा, बिल आणि पैसे, या तिन्हींतले दोन ज्या बाजूला पडतात त्या बाजूचा दर. म्हणजे पैसे जुन्या दराच्या काळात आले, पण राहणं आणि बिल दोन्ही नंतर, तर नवा दर. म्हापशाच्या आमच्या सहकाऱ्याने खाली एक तक्ता करून टाकला; निरोपात तक्ता नीट उमटतो, हिशेबाच्या माणसाला ही लहान गोष्ट वाटत नाही. मग प्रत्येक क्लायंटच्या चॅनेलमध्ये त्या विषयाची लिंक दिली. डिसेंबरात एक नवा मुलगा कामाला लागला. त्याने हाच प्रश्न काढला तेव्हा मी फक्त लिंक दिली. तो वाचून आला आणि त्याने विचारलेला पुढचा प्रश्न आमच्या कोणाच्या लक्षात न आलेला होता. त्या प्रश्नालाही वेगळा विषय मिळाला.

निरोप चुकीच्या जागी पडला तर तो उचलून योग्य विषयात नेता येतो. सुरुवातीचा महिनाभर मी रोज संध्याकाळी हेच करत होते. चिडून कोणाला बोलण्यापेक्षा निरोप हलवणं बरं. तिथे नोंद राहते की हा मजकूर कुठे गेला, त्यावरून माणूस आपोआप शिकतो. निरोप नंतर बदलला तर आधी काय लिहिलं होतं तेही पाहता येतं. आकड्यांच्या धंद्यात हे मला फार मोलाचं वाटतं. १,१८,००० चे १,८१,००० कधी झाले, ते भांडण न करता कळतं.

अजून एक सोय फार कमी लोक वापरतात. प्रत्येक चॅनेलचा स्वतःचा ईमेल पत्ता काढता येतो. त्यावर पाठवलेली मेल चॅनेलमध्ये निरोप म्हणून येते आणि मेलचं शीर्षक हाच विषय होतो. क्लायंटने बँक स्टेटमेंट सरांच्या मेलवर पाठवलं की सर ते तिथल्या तिथे पुढे ढकलतात. क्लायंटना मात्र, एक अपवाद सोडला तर, आम्ही झुलिपमध्ये आणलेलं नाही. काजूवाले काका बिलाचा फोटो फोनवरच पाठवणार, आणि त्यांनी तसंच पाठवावं. तो फोटो योग्य विषयात चढवणं हे आमचं काम आहे.

काही कुटुंबं परदेशात आहेत. गेस्ट हाऊस बारदेसात, मालक लंडनला, सह्या त्याच्या. अशा वेळी झुलिपमध्ये वेळ लिहायची एक पद्धत आहे: आपण आपल्या घड्याळाप्रमाणे लिहायचं, वाचणाऱ्याला ती वेळ त्याच्या घड्याळाप्रमाणे दिसते. तो एक अपवाद याच घरातला: त्या मालकाची मुलगी लंडनहून आमच्याबरोबर वर्षअखेरचं काम करते, तिला याचा फार उपयोग होतो. निरोप आता लिहून सकाळी नऊला पोचेल असाही ठेवता येतो. रात्री अकराला सुचलेलं काम रात्री अकराला दुसऱ्याच्या फोनवर वाजू नये, याची काळजी वरिष्ठांनी घ्यायला हवी, आणि इथे ती घेता येते.

पावसाळ्याबद्दलही लिहायला हवं, कारण गोव्यात घरून काम करणाऱ्याचं अर्धं दुःख जून ते सप्टेंबरात असतं. झाड पडतं, वीज जाते, इन्व्हर्टर दोन तास ओढतो, नेट जाऊन-येऊन. अर्धवट लिहिलेला निरोप झुलिप मसुद्यांत जपून ठेवतं. नेट परतल्यावर न वाचलेलं सगळं विषयवार लावलेलं मिळतं, त्यामुळे आधी २० तारखेचं बघायचं की पिकनिकचं, ते आपण ठरवतो. ज्या विषयाशी आपला संबंध नाही तो मूक करता येतो, ज्यावर लक्ष ठेवायचं तो फॉलो करता येतो. आमच्याकडे फोनवर घंटी फक्त नाव घेतल्यावर आणि फॉलो केलेल्या विषयांना वाजते.

आता ज्या बाजू कमी आहेत त्या. दिसायला हे अ‍ॅप साधं आहे, पहिल्यांदा उघडल्यावर डावीकडच्या चॅनेल-विषयांच्या लांब यादीने नवा माणूस दबतो. त्याला तासभर शेजारी बसून, किंवा स्क्रीन दाखवून, शिकवावंच लागतं. स्वतःचं व्हिडिओ कॉलिंग यात नाही. बटण दाबलं की जित्सी या व्हिडिओ कॉलच्या सेवेची लिंक तयार होते, झूमही जोडता येतं. आम्हाला हे अडत नाही, आम्ही सरळ फोन करतो. फक्त फोनवर जे ठरलं ते दोन ओळींत त्या विषयात लिहायचं, हा नियम सरांनाही लागू आहे. मोबाइल अ‍ॅप २०२५ च्या जूनमध्ये नव्याने बांधून आलं. वाचायला, उत्तर द्यायला फोन पुरे; चॅनेल लावणं, सेटिंग बदलणं हे कॉम्प्युटरवरच करावं.

ओटीपी आणि पासवर्ड आम्ही यावर टाकत नाही. कुठल्याच अ‍ॅपवर टाकू नयेत. रिटर्न भरताना क्लायंटचा ओटीपी लागतो, तो फोनवर विचारायचा, कागदावरही लिहायचा नाही. दुसऱ्याच्या पॅन आणि बँक खात्याची माहिती आपल्या हातात असते, ती सांभाळणं हा आपल्या कामाचाच भाग आहे.

पैशांचं गणित असं. झुलिप २०१२ साली एमआयटीतल्या काही मुलांनी सुरू केलं, २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्स कंपनीने विकत घेतलं आणि २०१५ मध्ये त्याचा सगळा कोड खुला झाला. म्हणून ते स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालवता येतं. झुलिपच्याच क्लाउडवर फुकट घेतलं तर शेवटचे १०,००० निरोपच शोधता येतात. जुने पुसले जात नाहीत, पण पैसे भरल्याशिवाय दिसत नाहीत. स्लॅक या अशाच दुसऱ्या अ‍ॅपच्या फुकट योजनेत ही मर्यादा ९० दिवसांची आहे. हिशेबाच्या ऑफिसाला दोन्ही तोकड्या, कारण मागच्या वर्षीचा जुलै या वर्षीच्या ऑडिटला लागतो. क्लाउडची पैशांची योजना माणशी महिन्याला साधारण सात-आठ डॉलरची आहे. आमच्या सरांच्या पुतण्याने ऑफिसच्या छोट्या सर्व्हरवर ते बसवून दिलं, दोन जीबी रॅमवर आठ माणसांचं काम निभतं. दहा माणसांपर्यंत फोनवरच्या सूचनाही स्वतःच्या सर्व्हरवरून फुकट मिळतात. बॅकअप मात्र स्वतः घ्यावा लागतो. आम्ही तो रोज रात्री घेतो आणि एक प्रत ऑफिसबाहेर ठेवतो. घरात असं कोणी जाणकार नसेल तर सर्व्हरच्या भानगडीत पडू नका, क्लाउडच घ्या, आणि एका क्लायंटच्या एका महिन्यापासून सुरुवात करा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलंत तर २० तारखेपर्यंत तुमच्या माणसांना विषय लिहायची सवय लागलेली असेल.