पैसे कोणाच्या नावावर चाललेत ते आधी बघा

हे लिहायला मला चार महिने लागले. शेअर टिप्सच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मी फसलो आणि किती पैसे गेले तो पूर्ण आकडा घरात अजून सगळ्यांना माहीत नाही. पण परवा मावसभावाने अगदी तसाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दाखवला आणि जॉईन होऊ का म्हणून विचारलं, मग राहवलं नाही.

मला कोणीतरी न विचारता ग्रुपमध्ये अ‍ॅड केलं होतं. रोज सकाळी नऊच्या आधी शेअरच्या टिप्स, एक 'सर', त्यांची असिस्टंट मॅडम, आणि शंभरेक मेंबर ज्यातलं रोज कोणी ना कोणी नफ्याचा स्क्रीनशॉट टाकून थँक यू सर म्हणणार. दीड महिना मी नुसता वाचत होतो. टिप्स खऱ्या कंपन्यांच्या होत्या, काही चालल्या पण, म्हणून विश्वास बसला. ते शंभर मेंबर बहुतेक त्यांचेच नंबर असणार हे मला आत्ता कळतंय.

मग मॅडमने अ‍ॅपची लिंक पाठवली, प्ले स्टोअरवर नसलेलं. १० हजार टाकले, चार दिवसांत साडेबारा दिसायला लागले. मी मुद्दाम २ हजार काढून बघितले तर अर्ध्या तासात खात्यात जमा! तिथेच मी अडकलो. पैसे परत मिळतात म्हणजे खरं आहे असं वाटलं, आणि ते २ हजार खरं तर माझेच होते हे डोक्यातच आलं नाही.

पुढे ३ लाखांची एफडी मोडली. बँकेतून मोठी रक्कम पाठवायची आरटीजीएसची स्लिप भरताना बेनिफिशियरीचं, म्हणजे पैसे ज्याला जाणार त्याचं, नाव मी माझ्या हाताने लिहिलं, कुठल्याशा परराज्यातल्या फर्निचरच्या दुकानाचं करंट अकाउंट. काउंटरवरच्या ताईंनी स्लिप बघितली आणि विचारलं, काका, हे कोण? ओळखीचे आहेत का? मॅडमने आधीच सांगून ठेवलं होतं की बँकेत विचारलं तर मालाचं पेमेंट म्हणा, नाहीतर चौकशीत वेळ जातो. मी तसंच म्हटलं. त्या ताईंचा चेहरा मला अजून आठवतो, त्यांनी परत एकदा विचारलं होतं.

नंतर आयपीओ, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते तो. मी थोडेच मागितले होते तर ८ लाखांचे शेअर 'लागले', उरलेले पैसे दोन दिवसांत भरा नाहीतर खातं फ्रीज. त्यात वहिनीचे दीड लाख गेले. खऱ्या आयपीओत असं होऊच शकत नाही हो, पैसे आपल्याच बँक खात्यात ब्लॉक होतात, अस्बा म्हणतात त्याला, आणि मागितले त्यापेक्षा जास्त शेअर कधीच लागत नाहीत. हे मला माहीत असतं तर तिथेच थांबलो असतो.

अ‍ॅपवर १९ लाख दिसत होते. काढायला गेलो तर आधी २० टक्के टॅक्स भरा म्हणे. नफ्यावरचा टॅक्स आपण सरकारला भरतो, आपलेच पैसे सोडवायला कोणाच्या खात्यात आधी पाठवत नाही. मुलीने हे ऐकलं आणि फोन हातातून काढून घेतला.

त्याच संध्याकाळी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पण एफडीचे पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. शेवटच्या ट्रान्सफरमधले ४२ हजार एका खात्यात होल्ड झालेत, ते अजून मिळायचे आहेत. बाकीचे पाच-सहा खात्यांतून पुढे निघून गेले. म्हणून सांगतो, लाज वाटते म्हणून दोन दिवस थांबू नका, पहिल्या तासात फोन करा.

मावसभावाला मी एवढंच करायला लावलं: ब्रोकरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) वेबसाइटवर स्वतः टाईप करून बघ, त्यांनी पाठवलेलं सर्टिफिकेट बघू नकोस, मला पण पाठवलं होतं, शिक्क्यासकट. आणि सेबी चेकवर, म्हणजे खातं खरंच रजिस्टर्ड ब्रोकरचं आहे का ते बघायच्या सेबीच्याच सोयीवर, ज्या खात्यात पैसे मागतायत ते खातं टाक. १ ऑक्टोबर २०२५ पासून रजिस्टर्ड ब्रोकरांना युपीआयमध्ये 'व्हॅलिड' शब्द असलेले वेगळे आयडी पण दिलेत. त्याच्या 'सरांनी' दिलेलं खातं कुठल्यातरी मोबाईल शॉपीच्या नावाचं निघालं. ग्रुपचे स्क्रीनशॉट काढून आम्ही तक्रार केली आणि तो बाहेर पडला.

आता मला रोज एकाचा फोन येतो, तुमचे पैसे परत काढून देतो, १५ हजार फी. माझं नाव, नंबर, किती गेले, सगळं त्याला माहीत आहे. वहिनीला मी दर महिन्याला ५ हजार देतोय, ती नको म्हणते तरी देतोय.