आधारचा अंगठा लॉक: आठ महिने वापरल्यावर

घरातल्या तीन आधारांचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे, डोळे आणि चेहरा, आठ महिन्यांपासून लॉक आहे. अतिवृष्टीचं अनुदान, निराधारचा पगार, पीएम किसानचा हप्ता, सगळं आधारशी जोडलेल्या खात्यात पडतं आणि मराठवाड्यातल्या गावांत ते मिनी बँकेत, म्हणजे बँकेच्या गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात, अंगठा लावून काढलं जातं. त्याला ना पिन लागतो, ना ओटीपी. म्हणून अंगठा चालूच न देणारं हे लॉक प्रत्येक घरात हवंच. पैसा लागत नाही.

आधारला मोबाइल नंबर जोडलेला मात्र पाहिजे. नसेल तर आधार केंद्रात 75 रुपये भरून जोडून घ्या. मग मायआधारच्या वेबसाइटवर ओटीपीने आत जाऊन ‘बायोमेट्रिक लॉक’ करा. ‘आधार लॉक’ हा वेगळा प्रकार आहे. त्यात 12 अंकी नंबरच बंद होतो आणि त्याच्या जागी वापरायचा 16 अंकी नंबर (व्हीआयडी) जवळ नसेल तर काम अडतं. बरेच जण इथेच चुकतात.

खरी अडचण रेशन दुकानात येते. लॉक असलेला अंगठा ई-पॉस मशीन घेत नाही. कार्डावरच्या कुणाही एकाचा अंगठा चालतो, तेव्हा ज्याच्या खात्यात अनुदान येत नाही अशा एकाचं लॉक करू नका. ई-केवायसी, म्हणजे आधारने ओळख पटवणं, जिथे ओटीपीने होते तिथे लॉकचा काहीच अडथळा नाही.

मशीनवर 330 कोड आला तर लॉक आहे असं समजा. 300 आला तर ठसा जुळला नाही. कापूस वेचून, ऊस तोडून बोटं झिजतात, त्यामुळे 300 वारंवार येतो. तेव्हा लॉकला दोष देऊ नका, बोट पुसून दुसरं बोट लावून बघा.

पैसे काढायचे असले की तात्पुरतं अनलॉक करा, 10 मिनिटांनी ते आपोआप परत लॉक होतं. पण या 10 मिनिटांत लॉक काहीच राखत नाही. “लागला नाही, परत लावा” म्हणत दोनदा पैसे काढून घेण्याचा प्रकार नेमका इथेच होतो. म्हणून दुसऱ्यांदा बोट ठेवण्याआधी पहिल्या व्यवहाराची फेल पावती मागाच. पावती देत नसेल तर उठून या.

घरी आल्यावर मायआधारमध्ये ऑथेंटिकेशन हिस्टरी उघडा. मागच्या सहा महिन्यांत अंगठा कधी आणि कोणत्या संस्थेकडे वापरला गेला ते तिथे दिसतं. ओळखीची नसलेली नोंद दिसली तर पासबुक भरून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि तीन कामाच्या दिवसांच्या आत शाखेत लेखी तक्रार देऊन शिक्क्याची पोच घ्या.