पहिला सिनेमा की पहिलं बालनाट्य? तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या आईबाबांसाठी

मूल साडेतीन-चार वर्षांचं झालं की सुट्टी जवळ आल्यावर घरात विषय निघतो: आता याला थिएटरात न्यायचं का? आणि पाच मिनिटांत तो 'कुठला सिनेमा लागलाय' यावर येतो. मराठी घरांकडे बालनाट्याचा दुसरा पर्यायही आहे, तो अनेकदा आठवतच नाही. 1959 साली सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' ही बालनाट्याची संस्था सुरू केली आणि रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं. मुलांसाठी मुद्दाम लिहिलेली, मोठ्या नटांनी मन लावून केलेली नाटकं तेव्हापासून आपल्याकडे होत आली आहेत. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई, ठाणे, पुण्याच्या नाट्यगृहांत त्यांचे प्रयोग लागतात.

माझं मत आधीच सांगते. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल आणि तुमच्या गावात बालनाट्याचा प्रयोग होत असेल, तर आधी नाटक, मग सिनेमा. पण काही मुलांच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो, म्हणून दोन्ही बाजू नीट पाहू.

सगळ्यात मोठा फरक भाषेचा. मल्टिप्लेक्समध्ये लहान मुलांसाठी जे लागतं ते बहुतेक परदेशी अॅनिमेशन असतं, इंग्रजीत किंवा हिंदीत डब केलेलं. मराठी डबिंग क्वचितच मिळतं. घरात मराठी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला चित्रं कळतात, विनोद निसटतात, आणि आई शेजारून 'तो म्हणतोय की त्याला घरी जायचंय' असं कुजबुजत राहते. मूल गोष्टीपेक्षा आईचं ऐकत बसतं. नाटकात नट प्रेक्षागृहाकडे वळून विचारतो, 'पोरांनो, राजकन्या कुठे गेली?' आणि तीनशे मुलं एका सुरात ओरडून सांगतात. ज्याला जागेवर गप्प बसणं जमत नाही, त्याला इथे बोलायची परवानगी असते, किंबहुना त्याच्या बोलण्यावर प्रयोग चालतो. या वयात गोष्टीत शिरण्याचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

आता आवाज. सिनेमाचं ध्वनिमिश्रण ज्या प्रमाणित पातळीला धरून होतं, तिच्यात एकेका मुख्य चॅनेलचा (म्हणजे पडद्यामागच्या एकेका स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाचा) सर्वांत मोठा क्षण 105 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात पुष्कळ थिएटरं आवाज त्याहून खाली ठेवतात, पण मारामारी आणि स्फोटांचे ट्रेलर आले की लहान मूल दचकतंच. मिक्सरच्या आवाजाने कानांवर हात ठेवणारं मूल असेल तर मुलांचे इयरमफ बरोबर घ्या. जागा निवडताना भिंतीलगतची टाळा, कारण बाजूचे स्पीकर तिथेच असतात. मधल्या भागातली, ये-जा करायच्या वाटेलगतची खुर्ची बरी. नाटकात माइक असतात, रेकॉर्ड केलेलं संगीत असतं आणि रंगमंचाजवळचे स्पीकर पहिल्या रांगांवरच आदळतात. म्हणून हौसेने पहिल्या रांगेचं तिकीट काढू नका. पाचवी ते दहावी रांग ठीक. मुलांचा गलका मात्र नाटकात जास्त असतो, त्यावर इलाज नाही.

अंधाराचं गणित वेगळं. सिनेमात अंधार सलग असतो, एकदा डोळे सरावले की मूल विसरतं. नाटकात रंगमंचाचा उजेड प्रेक्षागृहात थोडा पसरतो, पण प्रवेश बदलताना एकदम काळोख होतो. घरी दिवा मालवून 'आता परत लागणार' हा खेळ दोन-चार दिवस खेळलात तर हे सोपं जातं.

आणि भीती. इथे नाटक सिनेमापेक्षा अवघड आहे, हे मान्य करायला हवं. पडद्यावरचा राक्षस पडद्यावरच राहतो. नाटकातली चेटकीण कधी कधी मधल्या वाटेने चालत तुमच्या खुर्चीपाशी येते. मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' 2018 मध्ये नव्या संचात आलं, त्यात वैभव मांगले चेटकीण झाले होते. मोठी मुलं तिच्यावर जीव टाकतात, पण मुखवटा किंवा रंगवलेला चेहरा पाहिला की कंबरेला मिठी मारणारं मूल असेल, तर असा पहिला प्रयोग त्याच्यासाठी नाही. गणपतीत वेशभूषा केलेल्या माणसाकडे ते कसं बघतं ते आठवा. तिथे ते रडत असेल तर सकाळच्या खेळाचा साधासा सिनेमा आधी, नाटक वर्षभराने. उलट, भीती वाटली तरी नजर काढवत नाही असं मूल असेल, तर प्रयोगानंतर परवानगी घेऊन रंगपटाकडे जा. बरेच नट मुलांशी आनंदाने बोलतात, आणि 'हा काका आहे' हे कळलं की भीतीची जागा कुतूहल घेतं.

सिनेमा निवडणाऱ्यांनी प्रमाणपत्र नीट वाचायला हवं. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार यूए प्रमाणपत्राचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन टप्पे झाले. हा पालकांना दिलेला सल्ला आहे, दारावरची बंदी नव्हे. 'ए' प्रमाणपत्राच्या सिनेमाला अठराच्या आतल्या मुलाला सोडत नाहीत. यूए 13+ च्या सिनेमाला चार वर्षांचं मूल घेऊन गेलात तर प्रमाणपत्राच्या कारणाने तुम्हाला कुणी अडवणार नाही. म्हणूनच निर्णय पूर्णपणे तुमचा. पहिल्या वेळी 'यू', म्हणजे सगळ्या वयांसाठीच्या प्रमाणपत्राच्या पलीकडे जाऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. तिकिटावरची वेळ ही जाहिराती आणि ट्रेलर सुरू होण्याची असते, त्यामुळे पंधरा मिनिटं उशिरा आत गेलं तर मुलाचा धीर मुख्य गोष्टीसाठी शिल्लक राहतो. नाटकात असं करू नका. पहिली घंटा होण्याआधी आत बसा, पडदा बघू द्या, तिसऱ्या घंटेची वाट बघणं हीसुद्धा मुलांना मजा वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे. सिनेमा ती ओलांडतोच. एखाद्या दिवसाने बिघडत नाही, पण त्या दिवशी घरी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा. नाटकाला हा हिशेब लागू होत नाही.

मधेच उठून जाणं सिनेमात सोपं. अंधारात कुणी बघत नाही, नटाचा सूर बिघडत नाही. नाटकाआधी 'मूल रडू लागल्यास कृपया बाहेर न्यावे' अशी सूचना होते, आणि ती पाळायलाच हवी. काही नाट्यगृहांत रडणाऱ्या मुलांसाठी काचेची स्वतंत्र खोली असते, तिकीट घेताना चौकशी करा. दोन्हीकडे खुर्ची उचलली जाणारी असते आणि हलकं मूल तिच्यात मिटून अडकतं, म्हणून उशी किंवा घडी केलेली शाल न्या.

खाण्याबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. बाहेरचे पदार्थ आणू न देण्याचा अधिकार सिनेमागृहांना आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं. त्याच वेळी तान्ह्या बाळांसाठीचं खाणं आणि सगळ्यांसाठी पिण्याचं मोफत पाणी यांना न्यायालयाने जागा ठेवली. म्हणजे धाकट्याची पेज अडवली तर शांतपणे हे सांगा. थोरल्यासाठी मात्र जाण्याआधी घरीच पोटभर खायला घाला.

तिकिटाचा खर्च दोन्हीकडे येतो. मल्टिप्लेक्समध्ये तीन वर्षांपुढच्या मुलाचं साधारणपणे पूर्ण तिकीट लागतं, नाट्यगृहात खिडकीवर विचारून घ्यावं. नाटक न येणाऱ्या गावी सिनेमा हाच पर्याय, आणि तिथे जुनं एकपडदा थिएटर असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसाचा सकाळचा खेळ पकडा, गर्दी कमी असते. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये असाल तर काही साखळी सिनेमागृहं दिवे थोडे चालू आणि आवाज कमी ठेवून खास खेळ करतात. ते मुळात ऑटिझम असलेल्या मुलांसाठी सुरू झाले, पण पहिल्यांदा येणाऱ्या लहानग्यांनाही फार सोयीचे पडतात.

दोन्हीपैकी काहीही निवडा, घरातून निघतानाच मध्यंतरापर्यंतच थांबायचं असं आपसांत ठरवा. मध्यंतरात मुलाला विचारा, 'पुढे काय होतं ते बघू या?' हो म्हणालं तर बसा. नाही म्हणालं तर पैसे गेले असं न म्हणता घरी या, उरलेली गोष्ट रात्री झोपताना तुम्हीच सांगा.