परदेशात पेटंट: थेट अर्ज, पीसीटी की काहीच नको?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कुणी संत्र्यांच्या प्रतवारीचं नवं यंत्र बनवलं आणि भारतात पेटंटचा अर्ज टाकला, की पुढचा प्रश्न उभा राहतो: बाहेरही टाकायचा का? (नागपुरात बौद्धिक संपदेची राष्ट्रीय संस्था आहे, पण ती प्रशिक्षणासाठी. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात.) 'जागतिक पेटंट' अशी काही चीज नसते. पेटंट ज्या देशाचं, त्याच देशात ते इतरांना यंत्र बनवण्यापासून, विकण्यापासून आणि आयात करण्यापासून अडवतं. म्हणून आधी बघायचं ते हे की नक्कल कुठे बनेल आणि कुठे खपेल. लिंबूवर्गीय फळांच्या यंत्रांसाठी ती यादी बहुधा स्पेन, ब्राझील, चीन एवढीच निघते.

थेट अर्ज म्हणजे पहिल्या भारतीय अर्जापासून 12 महिन्यांच्या आत त्या त्या देशात जाणं. देश एक-दोनच आणि गिऱ्हाईक पक्कं असेल तर हाच मार्ग स्वस्त. अडचण अशी की भाषांतर, तिथला वकील, शुल्क हे सगळं पहिल्या वर्षातच अंगावर येतं. तैवान पीसीटीत (एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने अनेक देशांत जाण्याची सोय देणाऱ्या करारात) नाही, त्यामुळे तिथे दुसरा रस्ताच नाही.

पीसीटीचा अर्जही त्याच 12 महिन्यांत टाकायचा, पण देश निवडायला पहिल्या अर्जाच्या तारखेपासून 30 महिने मिळतात (युरोपीय कार्यालयात 31). पीसीटी पेटंट देत नाही, वेळ विकत देते. मधल्या काळात शोध अहवाल (असं काही आधीच कुठे आहे का, याच्या तपासाचा) हाती येतो. तो वाईट आला तर पुढचे लाखो रुपये वाचतात, आणि आमच्या मते खरा फायदा हाच. मूळ शुल्क 1330 स्विस फ्रँक, 30 पानांपर्यंत. अर्जदार भारतीय व्यक्ती असेल तर त्यात 90 टक्के सूट. मात्र एकही अर्जदार कंपनी असला की ही सूट गेली. तेव्हा अर्ज कुणाच्या नावे टाकायचा, हे आधीच ठरवा. शोध भारतीय कार्यालयाकडून करवला तर व्यक्तीला 2500 रुपये, इतरांना 10,000. युरोपीय कार्यालयाकडून करवला तर कंपनीला खर्च दीड लाखाच्या वर जातो, पण पुढे युरोपात जायचंच असेल तर तिथला पूरक शोध टळतो.

स्पेनबाबत एक गफलत होते. 1 जून 2023 पासून युरोपात एकत्रित पेटंट (अनेक देशांत एकदमच लागू होणारं) मिळतं, पण स्पेन त्यात नाही. युरोपीय पेटंट मंजूर झाल्यावर स्पॅनिश भाषांतर देऊन ते तिथे वेगळं लागू करून घ्यावं लागतं. चीन आणि ब्राझीललाही भाषांतराचा खर्च धराच.

काहीच न करणं हाही पर्याय आहे. यंत्र विकत घेऊन उघडलं की कळतं, पण कारखान्याच्या आत चालणारी प्रक्रिया बाहेरून दिसत नाही. ती गुपित ठेवलेलीच बरी. मात्र भारतीय अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि मग ज्या देशात पेटंट नाही तिथे तो कुणीही वाचून वापरू शकतो. गुपित राखायचं ठरलं तर 15 महिने पुरे होण्याआधी अर्ज मागे घ्या.

नुकसान होतं ते बहुतेक वेळा या तीन ठिकाणी:

अर्जाआधी ॲग्रोव्हिजनसारख्या प्रदर्शनात यंत्र मांडलं, की युरोपात नूतनता (आधी कुठे जाहीर झालेलं नसणं, ही पेटंटची अट) संपली. अमेरिकेत 12 महिन्यांची सवलत आहे, युरोपात जवळपास नाहीच.

प्रोव्हिजनल अर्जात (तारीख मिळवण्यासाठी आधी टाकलेल्या तात्पुरत्या अर्जात) नसलेला भाग नंतर जोडला, तर त्या भागाला जुनी तारीख मिळत नाही.

आणि भारतात राहणाऱ्याने भारतीय अर्जानंतर 6 आठवडे न थांबता, पेटंट कायद्याच्या कलम 39 ची परवानगीही न घेता बाहेर अर्ज टाकला, तर भारतातला अर्जच सोडून दिल्याचं मानलं जातं. परवानगी फॉर्म 25 वर मागायची, साधारण 21 दिवसांत मिळते. नंतर जोडलेल्या सुधारणेला आधीचे 6 आठवडे लागू होत नाहीत, तिच्यासाठी परवानगी वेगळी घ्यावी लागते.