युंगफ्राउयोख: जेवण सोडा, हिमनदी बघा

युंगफ्राउयोख म्हणजे स्वित्झर्लंडच्या आल्प्समधली बर्फाळ खिंड, जिथपर्यंत रेल्वे जाते. पैसे वसूल होतात का? हो, पण आकाश मोकळं असेल तरच. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या वर जातं. स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांचा प्रवासपास) असला तरी वरचा टप्पा फुकट नाही, नुसती सवलत मिळते. आम्ही मुंबईच्या एका ग्रुप टूरबरोबर गेलो, म्हणजे दिवस आधीच ठरलेला. नशिबाने लख्ख ऊन पडलं. स्वतंत्र जाणार असाल तर सकाळी हॉटेलवरच वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघा आणि मगच तिकीट काढा.

ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस ही केबल कार (2020 पासून सुरू) पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला सोडते. पुढे दातेरी रुळांची गाडी. 1912 पासून ती वरपर्यंत जाते, तीही जवळजवळ सगळी बोगद्यातून. "खंडाळ्याला याहून जास्त दिसतं," इति बाबा. मध्ये आयस्मेअर या बोगद्यातल्या स्टेशनला पाच मिनिटं थांबते, तेव्हा मात्र नक्की उतरा. खडकात बसवलेल्या काचेतून बर्फाच्या भेगा अगदी समोर दिसतात. आमचा अर्धा डबा जागा जाईल म्हणून बसून राहिला. लोकलची सवय, दुसरं काय!

वर उंची 3454 मीटर. हवा विरळ, जिना चढताना धाप लागते, ज्येष्ठांनी सावकाश घ्यावं. आइस पॅलेस सुंदर आहे, 1930च्या दशकात दोन वाटाड्यांनी हिमनदीच्या पोटात कोरलेला. माणसांच्या अंगच्या उबेने बर्फ वितळू नये म्हणून तो मुद्दाम गार ठेवावा लागतो. पण गर्दी फार, आणि जमीन गुळगुळीत. दहा मिनिटं पुरे.

खरी चीज स्फिंक्स या वरच्या वेधशाळेच्या गच्चीवरून दिसते. आलेच नावाची हिमनदी, वीस किलोमीटरहून लांब, आल्प्समधली सगळ्यात मोठी. लांबवर कोंकोर्डियाप्लाट्झला बर्फाचे प्रवाह एकत्र येतात, तिथे जाडी 800 मीटरच्या आसपास. लोअर परळचे दोन टॉवर एकावर एक उभे केले तरी आत गडप होतील. आणि एवढं असूनही तिचं खालचं टोक गेल्या दीडशे वर्षांत तीन किलोमीटरच्या आसपास मागे हटलंय.

आता तक्रार. वर मिळालेल्या तीन तासांतला सव्वा तास टूर कंपनीने इंडियन बुफेला दिला. डाळ-भात, पनीर, गुलाबजाम. चव ठीक होती म्हणे. म्हणे, कारण आम्ही गेलोच नाही. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. ती पिशवी घेऊन आम्ही म्योंख हट या गिर्यारोहकांच्या झोपडीकडे जाणाऱ्या, यंत्राने दाबलेल्या वाटेवर निघालो. पूर्ण वाट तासाभराची, आम्ही निम्म्यातून परतलो. बर्फ पांढराशुभ्र नसतो, जवळून बघा. वरचा थर खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा, आणि काठीने भोक पाडलं की आत निळसर उजेड. खुणेच्या खांबांबाहेर मात्र पाऊल टाकू नका, बर्फाखाली भेगा असतात. गॉगल हवाच, आणि बूट पाणी न शिरणारे. ग्रुपमधल्या दोघांचे कॅनव्हासचे बूट चिंब झाले होते.

जागेला पाच तारे, कंपनीला दोन. फीडबॅक फॉर्मवर लिहिलं, "जेवण डब्यात द्या, वेळ हिमनदीला द्या." उत्तर आलं: "धन्यवाद, आमच्याकडे जैन जेवणाचीही सोय आहे."