हाती कॉफी ग्राइंडर: आठ महिन्यांचा अनुभव, त्यातले तीन मुठीचे

मूठ निखळली ती सकाळी सव्वासहाला. दांड्यावरून सुटली, ओट्यावर एक टप्पा खाल्ला आणि घरंगळत फ्रिजखाली गेली. माझ्या एका हातात ग्राइंडर, दुसऱ्या हातात नुसता दांडा, आत अर्धवट दळलेल्या १५ ग्रॅम बिया आणि शेजारी उकळून तयार झालेलं पाणी. हा अनुभव मी त्याच दिवशी लिहायला बसले होते, पण दोन परिच्छेदांत शिव्यांशिवाय काही उतरेना, म्हणून खोडून टाकला. आता राग निवळलाय. मुठीवरचा नाही, बाकीचा.

हे यंत्र काय असतं ते वाचणाऱ्यांना माहीत असेलच. ३८ मिलिमीटरचं स्टीलचं कोनिकल बर, म्हणजे बिया भरडणारी शंकूच्या आकाराची दातेरी जोडी, दळण जाड-बारीक करायला क्लिकवर फिरणारी चकती, एका वेळी २० ग्रॅम बिया. घेताना मी हिशेब केला होता की कॅफेतले पस्तीस कप वाचले की पैसे फिटले. घरचे पस्तीस कप दोन महिन्यांच्या आतच झाले, तेव्हा यंत्र फुकटात पडलं असं मी घरात जाहीरही केलं. फक्त एक गोष्ट हिशेबात धरायची राहिली होती. घरी बरी कॉफी जमायला लागली की कॅफेत जाणं कमी होत नाही, कारण आता तिथे जाऊन चव ताडून बघायची खोड लागते. नवरा इन्स्टंटवाला आहे. एक चमचा, गरम पाणी, विषय संपला. वाचवलेले कप नक्की कुठे ठेवलेस, असं तो अधूनमधून विचारतो.

याआधी माझ्याकडे मोका पॉट होता, म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी करायचं ते १९३३ पासून चालत आलेलं अष्टकोनी भांडं. त्यात दळलेल्या कॉफीचं पाकीट. पाकीट फोडलं की पहिले चार दिवस घरभर वास, आणि पंधराव्या दिवशी पुठ्ठा भिजवून प्यायल्यासारखी चव. मी दोष आधी भांड्याला दिला, मग आचेला, मग पाण्याला. दळल्यावर बीचा हवेला लागणारा भाग कितीतरी पटींनी वाढतो आणि सुगंध तिथून पळ काढायला लागतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मग मिक्सरमध्ये दळून पाहिलं. खाली पीठ, वर खडे. पिठातला कडवटपणा जास्तच उतरतो, खडे अर्धे कच्चे राहून आंबट लागतात, आणि दोन्ही एकाच कपात येतात. मिक्सरचं पातं बिया वाट्टेल तशा तोडतं. बरमध्ये दोन दातेरी कडांमधलं अंतर आपण ठरवतो, त्याहून जाड कण सहसा खाली पडतच नाही. जातंच ते, फक्त उभं आणि मुठीत मावणारं.

तर पहिली सकाळ. व्ही६० मध्ये, म्हणजे कागदी फिल्टर बसवायच्या शंकूच्या आकाराच्या गाळण्यात, १५ ग्रॅम पूड, त्यावर आधी ४५ ग्रॅम पाणी. पूड फुगली, अक्षरशः घुमटासारखी वर आली, बुडबुडे फुटले आणि हळूहळू खाली बसली. भाजताना बीमध्ये अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो हा. पाकिटातल्या जुन्या पुडीवर पाणी ओतलं की नुसता चिखल व्हायचा, त्यामुळे मी केटल हातात धरून बघतच राहिले. चाळीस सेकंदांनी उरलेलं पाणी, एकूण २५० ग्रॅम, तीन मिनिटांत सगळं खाली. कॉफीला लिंबाच्या सालीचा वास येतो म्हणणारे लोक मला ढोंगी वाटायचे. त्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

तक्रारी होत्याच. फिकट भाजलेल्या बिया दगडासारख्या असतात, त्या दळताना मनगट बोलतं. दोघांसाठी करायची तर दोनदा दळा. दळताना स्थिर विजेने पूड डब्याला चिकटते आणि सालपटं ओट्यावर उडतात, पण त्यावर उपाय फुकटचा आहे: चमच्याचा दांडा पाण्यात बुडवायचा, झटकायचा आणि दळण्याआधी बियांतून फिरवायचा. बियांना जेमतेम ओल लागते आणि पूड गुमान खाली पडते. हौशी लोक वर्षानुवर्षं हे करत आले, २०२३ साली त्यावर रीतसर शोधनिबंधही निघाला. मला इतकं आवडलं की ग्राइंडरपेक्षा त्या चमच्याचंच कौतुक मी चार लोकांना सांगितलं.

चौथ्या महिन्याच्या शेवटी कॉफी बिघडायला लागली. तीन मिनिटांत उतरणारं पाणी साडेचार मिनिटं घ्यायला लागलं आणि घोटाच्या शेवटी जिभेवर तुरट, सुकं काहीतरी राहायला लागलं. बिया त्याच, क्लिक तेच, पाणी तेच. बरचे दात झिजले, असा मी निष्कर्ष काढला. चार महिन्यांत स्टील झिजतं म्हणजे काय माल दिलाय! दोनदा खोलून ब्रशने साफ केलं, जोडलं, काही फरक नाही. आणि मी अशी फुरंगटलेली असतानाच पाचव्या महिन्याच्या अखेरीस ती मूठ निखळली. म्हणून कंपनीकडे तक्रार केली तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच पत्रात घातल्या. ती चूक पुढे भोवली.

मूठ म्हणजे लाकडाचा गोळा. आत एक पितळी नळी ठोकून बसवलेली, तिच्यात दांड्याची खीळ फिरते. नळी लाकडातून सुटली, बास. नवी मूठ द्या, एवढंच मागणं. त्यांनी आधी बिल मागितलं. दिलं. मग व्हिडिओ मागितला, मूठ निखळतानाचा. ती निखळून झालीय, असं कळवलं. मग पुन्हा बसवून पुन्हा निखळू द्या आणि चित्रित करा, असं उत्तर आलं. तेही केलं! एका हाताने फोन धरून मी माझ्याच ग्राइंडरची मूठ पाडली, चार वेळा, कारण पहिल्या तीन वेळा ती चौकटीबाहेर पडली. त्यावर कळवण्यात आलं की वॉरंटी बरला आहे, मूठ हा सौंदर्यविषयक भाग असल्याने वॉरंटीत बसत नाही.

सौंदर्यविषयक! हे वाक्य मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आख्ख्या यंत्रात माझा हात रोज जिथे लागतो ती एकच जागा, आणि ती शोभेची. सायकलचं पेडल मग काय दागिना म्हणायचं? पैसे घेऊन तरी मूठ विकता का, असं विचारलं तर सुटे भाग ठेवत नाही. संपूर्ण यंत्र स्वतःच्या खर्चाने पाठवा, तपासून कळवू. पाठवायचा खर्च म्हणजे पुन्हा कॅफेतले पाच-सहा कप. नाही पाठवलं.

त्या काळात पक्कडीने दांडा धरून दळत होते. १५ ग्रॅमला एरवी मिनिटभर लागतो, पक्कडीने तीन. त्यामुळे कॅफेत जाणं वाढलं आणि बरचं कोडं सुटलं ते तिथेच.

पूर्वी मी कॅफे दुधावरच्या नक्षीवरून पारखायचे. सुंदर पिंपळपान काढलेल्या जळक्या कॉफ्या मी किती प्यायलेय त्याला गणती नाही. घरी दळायला लागल्यापासून माझी नजर आधी काउंटरवरच्या ग्राइंडरकडे जाते. बियांचा पारदर्शक डबा तपकिरी, तेलकट झालेला दिसला की समजायचं, ते जुनं तेल खवट होऊन आपल्या कपात येणार. दुधाची वाफ सोडणारी नळी प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसतात का, पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का, की फक्त ‘अमुक महिन्यापर्यंत वापरा’? आणि पहिल्यांदा गेलं की बिनदुधाची एस्प्रेसो मागायची. दूध बरंच काही पोटात घालतं.

अशाच एका छोट्या कॅफेत मी एस्प्रेसो सांगितली. काउंटरवरच्या मुलाने १८ ग्रॅम पूड मोजून घेतली, कप वजनकाट्यावर ठेवला, ३६ ग्रॅमला थांबवली. किती सेकंदांत ते बघितलं, चाखली आणि ओतून दिली. चकती किंचित फिरवली. दुसरीही ओतून दिली. माझ्यासारख्या चिकट बाईचा जीव वरखाली होत होता, दोन कप मोरीत! तिसरी मला दिली. सकाळपासून हवा बदलली, दळण सरकवावं लागतं, म्हणाला. ती कॉफी कशी होती याचं वर्णन करत नाही, पण कप ठेवल्यावर मी लगेच उठले नाही एवढं सांगते.

बसल्या बसल्या त्याला माझं दुखणं सांगितलं.

“उतरायला किती वेळ घेतं?”

“आधी तीन मिनिटं, आता साडेचार.”

“दळण तेच? बिया त्याच?”

“त्याच.”

“आणि फिल्टरचा कागद?”

मी गप्प. चौथ्या महिन्यात मी दोनशे कागदांचा स्वस्तातला गठ्ठा घेतला होता. शंभराच्या भावात दोनशे मिळतायत म्हटल्यावर मी दुसरं काही बघत नाही.

घरी आले आणि परीक्षा घेतली. पूड नाहीच, फक्त कागद आणि २०० ग्रॅम गरम पाणी. जुन्यातला एक कागद तळाशी उरला होता, त्यातून पाणी सरसर गेलं. नव्यातून ठिबकत राहिलं. हातात घेऊन चोळला तर जाड, पुठ्ठ्याचा चुलतभाऊ. दीड महिना मी बरला शिव्या देत होते आणि बिचारं बर पहिल्या दिवसासारखं दळत होतं. पाणी अडून राहिलं की पूड जास्त वेळ भिजते, त्यातलं नको तेही उतरतं, तुरटपणा तिथून आला होता. १९०८ साली ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घालून कॉफी गाळली, आणि कागदी फिल्टरचा धंदा तिथून उभा राहिला. ही गोष्ट वाचल्यापासून कागद म्हणजे कागद, त्यात काय बघायचं, असं माझं पक्कं मत होतं. तिला निदान वही फुकट होती.

प्रामाणिकपणे कंपनीला लिहिलं की बरबद्दलची तक्रार मागे घेते, चूक माझी होती, मुठीचं मात्र बघा. आजवर चार-चार दिवस न बोलणारे लोक, तासाभरात उत्तर आलं. तक्रार मागे घेतल्याबद्दल आभार, प्रकरण बंद करण्यात येत आहे. दोन्ही. सोबत सेवेला पाचपैकी किती तारे द्याल, असा दुवा.

तेव्हा मूठ मीच केली. अडगळीत जुन्या कपाटाच्या खणाची लाकडी मूठ होती, मधोमध आट्याची. दांड्याच्या टोकाची खीळ काढल्यावर तिथे नुसतं भोक उरलं, त्यातून खालून बोल्ट घातला, वर-खाली वॉशर आणि वर मूठ. पण घट्ट आवळली की ती हाताबरोबर फिरेना, दोन दिवसांत तळव्याला फोड आला. सैल ठेवली की दळता दळता उघडून हातात येई. शेवटी त्याच जाड फिल्टरच्या कागदाचा तुकडा कापून वॉशर आणि दांड्याच्या मध्ये ठेवला, मूठ त्यावर पूर्ण आवळली आणि कागद ओढून काढला. नेमकी कागदाएवढी फट राहिली. आट्यांना आधीच नेलपॉलिशचा एक थेंब लावला होता, रात्रभर वाळू दिला. दोन महिने झाले, तसूभर हललेली नाही. मूळ मुठीपेक्षा थोडी मोठी आहे, त्यामुळे हातात जास्त चांगली बसते, आणि बोल्टच्या डोक्याशी लाल रंगाचा ओघळ आलाय. तोच काय तो सौंदर्यविषयक भाग.

घ्यावा का? घ्या. घरच्या कॉफीवर एकदाच पैसे घालायचे असतील तर ते केटलवर किंवा सुंदर काचेच्या भांड्यावर घालू नका, ग्राइंडरवर घाला. मी या ग्राइंडरला पाचपैकी चार देते, कापलेला एक मुठीचा. सेवेच्या त्या दुव्यावर एकही तारा न देता पुढे जाता येत नाही, म्हणून तो फॉर्म अजून तसाच उघडा आहे. आणि घेण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा, मूठ सुटी मिळते का? तो हसला तर दुसरीकडे बघा.

जाड कागद अजून नव्वदएक शिल्लक आहेत. तीन क्लिक भरड दळलं की सव्वातीन मिनिटांत उतरतं, चवही बऱ्यापैकी येते. चांगले पातळ कागद आणून ठेवलेत, ते रविवारी.