झेडएफएस की बीटीआरएफएस? घरच्या स्टोरेज सर्व्हरसाठी निवड करताना

घरी स्टोरेज सर्व्हर लावायचं ठरलं की बहुतेक जण आधी वेगाचं विचारतात. वेगाचा प्रश्न बाजूला ठेवा. घरचं नेटवर्क एक गिगाबिटचं असेल तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच डेटा जातो, आणि मोठी फाईल सलग वाचताना आजची साधी हार्ड डिस्कही त्याहून जास्त देते. झेडएफएस, बीटीआरएफएस किंवा दुसरी कुठलीही फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवणारी व्यवस्था, घ्या, गाडी अडणार ती नेटवर्कपाशीच. विचारायचं ते हे, की दहा वर्षांनी उघडलेली फाईल ठेवली तशीच असेल का, आणि बिघडली असेल तर ते वेळेत कळेल का.

बडोद्यातल्या मराठी घरांना हा प्रश्न जास्तच लागू आहे. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात जुन्या कपाटांमधून गायकवाडी काळातले मोडी कागद निघतात, पणजोबांचे फोटो निघतात, कॅसेटवर भरलेलं आजीचं गाणं निघतं. आता ते स्कॅन होऊन डिस्कवर येतंय. मूळ कागद घडीवर तुटत असतो, दुसऱ्यांदा स्कॅन करता येईलच असं नाही. पुढचं सगळं मी अशा ठेव्याला धरून लिहितोय. फक्त सिनेमे साठवायचे असतील तर एवढा खल करायची गरज नाही.

ईएक्सटी४ ही फाईल सिस्टीम २००८ पासून लिनक्समध्ये आहे, अत्यंत भरवशाची आहे, आणि तिची डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनला लावली की उघडते. पण ती चेकसम (मजकूर बदलला का ते पडताळायचा आकडा) ठेवते तो स्वतःच्या नोंदींचा, तुमच्या फाईलमधल्या मजकुराचा नाही. डिस्कवर एखादा तुकडा गुपचूप बिघडला तर फोटो उघडतो, वरचा भाग ठीक दिसतो आणि खाली राखाडी पट्टा. हाच फोटो पुढे बॅकअपमध्येही जातो. खाली लिनक्सच्या एमडीएडीएमने केलेला दोन डिस्कचा साधा मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर, असला तरी निभत नाही. दोन प्रती जुळत नाहीत एवढं त्याला कळतं, त्यातली खरी कोणती हे ठरवायला त्याच्याकडे काही नसतं. एक्सएफएस या आणखी एका फाईल सिस्टीमची याबाबतीत हीच गत. म्हणून मुख्य प्रतीसाठी मी या दोन्ही बाद धरतो. बीकॅशएफएसचं नावही कानावर येईल. २०२४ च्या सुरुवातीला ती लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आली आणि २०२५ मध्ये बाहेरही गेली. घरच्या ठेव्यावर तिचा प्रयोग नको.

उरल्या दोन. झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मली, २००५ मध्ये खुली झाली. बीटीआरएफएस २००९ पासून थेट लिनक्स कर्नलमध्ये आहे. मजकुराचा चेकसम दोघी ठेवतात, स्नॅपशॉट (साठा त्या क्षणी होता तसा धरून ठेवणारी नोंद) दोघी घेतात, आणि मिररमध्ये एक प्रत बिघडलेली सापडली तर दुसरीवरून आपणहून दुरुस्त करतात. महिन्यातून एकदा स्क्रब लावला की सगळा साठा वाचून तपासला जातो. झेडएफएसमध्ये ‘झेडपूल स्टेटस’ ही आज्ञा दिली की प्रत्येक डिस्कसमोर चेकसम चुकल्याचा आकडा दिसतो. तिथे शून्य सोडून काही दिसलं तर त्याच दिवशी केबल आणि डिस्क तपासायला घ्या.

घरात आधीच्याच वेगवेगळ्या डिस्क पडून असतील तर बीटीआरएफएस सोयीची. एक ८ टीबीची आणि दोन ४ टीबीच्या असल्या तर तिच्या रेड१ मध्ये (तिच्या मिररमध्ये) ८ टीबी जागा मिळते, कारण ती प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती जिथे जागा असेल तिथे ठेवते. उद्या एक डिस्क काढायची झाली तर चालू मशीनमध्ये निघते. झेडएफएसच्या मिररमध्ये ८ ची जोडी ४ शी लावली तर ४ च मिळतात. तिच्यासाठी डिस्क जोडीने घ्यायची तयारी हवी. बीटीआरएफएसच्या रेड५ आणि रेड६ च्या (पूर्ण दुसरी प्रत न ठेवता डिस्क गेली तरी साठा वाचवणाऱ्या मांडण्यांच्या) वाटेला मात्र जाऊ नका. लिहिताना वीज गेली तर त्यातला साठा धोक्यात येतो आणि तिचे कर्तेही ते घ्या असं म्हणत नाहीत.

माझा कौल झेडएफएसकडे जातो तो डिस्क मरते त्या दिवसामुळे. दोनपैकी एक डिस्क गेली आणि मशीन रीस्टार्ट झालं, तर झेडएफएसचा पूल (डिस्क मिळून झालेला साठा) उरलेल्या डिस्कवर उघडतो, घरच्यांना फोटो दिसत राहतात. बीटीआरएफएस अशा वेळी माउंट व्हायला (उघडायला) नकार देते, ‘डीग्रेडेड’ हा पर्याय हाताने द्यावा लागतो. तुम्ही अहमदाबादला कामावर आणि घरी आई-बाबाच, तर हा फरक लहान नाही.

झेडएफएसची अडचण वेगळी. परवान्यामुळे ती लिनक्स कर्नलच्या आत नाही, तिचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) वेगळं लागतं. नवनवे कर्नल लगेच घेणाऱ्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या तयार संचावर) मॉड्यूल मागे पडलं की पूल उघडत नाही. डेबियन स्टेबल, उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती) किंवा स्टोरेज सर्व्हरसाठीची ट्रूनॅस घ्या, हा त्रास जवळपास संपतो. टीबीमागे एक जीबी रॅम हवीच, ही भीती मनातून काढा. डीडुप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच साठवणं) बंद ठेवलं तर घरच्या कामाला ८ जीबी पुरते. डिस्क घेताना ती एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) नाही ना, एवढं दुकानात नक्की विचारा. एसएमआर डिस्कवर मिरर पुन्हा भरायला फार वेळ लागतो.

आता पाणी. २०१९ ला आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा तळमजल्यावरच्या वस्तू गेल्या. दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतील तर मिरर काय करणार? सर्व्हर वरच्या मजल्यावर ठेवा आणि एक प्रत पुण्याच्या मावशीकडे किंवा मुंबईच्या भावाकडे ठेवा. ‘सेंड-रिसीव्ह’ दोघींत आहे. एका स्नॅपशॉटपासून दुसऱ्यापर्यंत जे बदललं तेवढंच जातं, त्यामुळे घरचं साधं ब्रॉडबँड पुरतं. पहिली मोठी प्रत घरीच भरून डिस्क रेल्वेने घेऊन जा. झेडएफएसमध्ये एन्क्रिप्ट केलेला साठा कुलूपबंदच पाठवता येतो, मावशीकडच्या मशीनला किल्ली द्यावी लागत नाही. बीटीआरएफएसला स्वतःचं एन्क्रिप्शन नाही, तिथे दोन्हीकडे डिस्कवर आधी लक्स (लिनक्सचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चढवावं लागतं आणि मावशीकडे वीज जाऊन आली की पासवर्ड कोणीतरी टाकावा लागतो.